कोच बदलला, चढाई कोण करणार?

संघ हरला की पहिला बळी कोचचा. भोसरीच्या टपरीवर कटिंग पिणारा कामगार आणि दिल्लीतला फुटबॉल महासंघ यांचं या एका गोष्टीवर एकमत आहे. एवढं एकमत दिसलं की समजावं, कोणीतरी विचार करायचं टाळतंय.

अमेरिकी फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाचा गडी असतो. जवळजवळ प्रत्येक डावात चेंडू आधी त्याच्या हातात येतो. लांब फेकायचा, शेजारच्याला द्यायचा की स्वतः पळायचं, हे दोन-तीन सेकंदांत त्यालाच ठरवावं लागतं, तेही समोरचे दांडगे अंगावर येत असताना. संघ तळाला गेला की तिकडचे मालक दोन प्रश्न विचारतात. कोच कोणता आणू? आणि असा गडी कुठे शोधू?

आपण पहिल्याच प्रश्नावर थांबतो. दुसऱ्याचं उत्तर कष्टाचं आहे ना.

न्यू इंग्लंड पेट्रियट्सचं उदाहरण घ्या. कोच बिल बेलिचिक, क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी. वीस हंगाम एकत्र आणि सहा विजेतेपदं. मग २०२० मध्ये ब्रेडी टँपाला गेला आणि पहिल्याच हंगामात तिथे जिंकला. बेलिचिक आणखी चार हंगाम राहिले. त्या चार हंगामांत बाद फेरीतला एकही सामना त्यांना जिंकता आला नाही.

आणि हा ब्रेडी आला कुठून? २००० सालच्या खेळाडू निवडीत तो १९९ वा होता. आधीच्या १९८ वेळा कोणालाच तो दिसला नाही.

आता अमेरिका सोडा, मुळा नदी ओलांडून बालेवाडीला या. २०१४ ते २०१९ या काळात इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) एफसी पुणे सिटी या फुटबॉल क्लबने कोच आणले ते पाहा. फ्रँको कोलोंबा. मग इंग्लंडकडून विश्वचषक खेळलेले डेव्हिड प्लॅट. मग कोलकात्याला पहिलं विजेतेपद मिळवून दिलेले अंतोनियो हबास. तिघांची कारकीर्द मोठी, आणि तिन्ही हंगामांत पुणे पहिल्या चौघांच्या बाहेर.

खेळाडूही मोठ्या नावाचे आणले. डेव्हिड ट्रेझेगे, आद्रियन मुटू. दोघेही कारकिर्दीच्या शेवटच्या टप्प्यात. नाव विकत घेतलं, पाय कुठून येणार?

क्लब फक्त एकदाच उपांत्य फेरीत पोचला, २०१७-१८ मध्ये. कोच रांको पोपोविच होते, पण त्या वर्षी पुढे गोल करणारे होते मार्सेलिन्हो आणि एमिलियानो अल्फारो. उपांत्य फेरीत बेंगळुरूने पुण्याला बाहेर काढलं. तीन गोल एकाच माणसाचे, सुनील छेत्रीचे.

धडा काय घेतला? पुढच्या हंगामात कोच बदलला. मिगेल आंखेल पोर्तुगाल आले आणि तीन सामन्यांत गेले. मग हंगामी म्हणून प्रद्युम रेड्डी, मग फिल ब्राऊन. एका हंगामात तीन कोच, आणि २०१९ मध्ये क्लबच बंद.

बदलायला आता क्लबच उरला नव्हता.

कोणी म्हणेल, फुटबॉल आपल्या मातीतला नाही. ठीक आहे, कबड्डी तर आहे ना? कबड्डीतली तिसरी चढाई डोळ्यांसमोर आणा. आधीच्या दोन चढाया कोऱ्या गेल्यात. आता गुण आणला नाही तर गडी बाद. तीस सेकंद हातात आणि समोर सात जण. डावा कोपरारक्षक अर्धं पाऊल पुढे सरकलाय. तो पायावर झेपावणार की फसवतोय? बोनस रेषेच्या पलीकडे पाय टाकावा, की मध्यरक्षकाला हात लावून मागे फिरावं? बाकावरून कोच ओरडत असतो. गड्याला मात्र ऐकू येतो तो स्वतःचाच दम.

त्या तीस सेकंदांत कोचचा पगार कितीही असो, उपयोग शून्य.

प्रो कबड्डीतल्या पुणेरी पल्टणने हे पुरतं अनुभवलंय. २०२१-२२ च्या हंगामात अस्लम इनामदार आणि मोहित गोयत ही दोन नवी पोरं त्यांनी उतरवली. लिलावात कोटींची बोली लागावी अशी नावं नव्हती. पल्टणने त्यांना सांभाळलं, खेळवलं, हरू दिलं. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पल्टणने पहिलं विजेतेपद घेतलं, तेव्हा कर्णधार अस्लम होता आणि हंगामातला सर्वोत्तम खेळाडूही तोच. अंतिम सामन्यात पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण आणले.

मोहम्मदरेझा शादलुईवर पल्टणने त्या वर्षी २.३५ कोटी मोजले होते, हेही खरं. तो पकडीचा वाघ. चढाईचं ओझं मात्र घरच्या पोरांनीच उचललं.

त्याच हंगामात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाखांहून जास्त रक्कम ओतली. पवन मोठा चढाईपटू, यात वाद नाही. टायटन्स शेवटचे आले. एक गडी विकत आणला म्हणून संघ उभा राहत नाही. त्याच्याभोवती चार वर्षं कोणीतरी घाम गाळलेला असावा लागतो.

पुढचं वर्ष तर डोळे उघडणारं. पल्टणचा कोच तोच, बी. सी. रमेश. अस्लमचा गुडघा गेला. गतविजेते पहिल्या सहांतही आले नाहीत. अंतिम सामना डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या बालेवाडीत झाला आणि पल्टण प्रेक्षकांत होती. २०२५ मध्ये कोच बदलला, अजय ठाकूर आले, अस्लमही परतला. पल्टण गुणतक्त्यात पहिली आणि पुढे अंतिम फेरीतही. दिल्लीकडून हरली, तीही ३१-२८ अशी, तीनच गुणांनी.

मग कोच कुचकामाचा? इतकं सोपं असतं तर काय हवं होतं!

रमेश पल्टण सोडून बेंगळुरू बुल्सकडे गेले. हे तेच बुल्स, ज्यांनी प्रदीप नरवालसारखं चढाईतलं सर्वांत मोठं नाव घेऊनही २०२४ मध्ये बावीसपैकी फक्त दोन सामने जिंकले होते. रमेश आले आणि वर्षभरात बुल्स गुणतक्त्यात तिसऱ्या क्रमांकावर. मोठं नाव न घेता. इराणचा अलीरेझा मिर्झायन तोवर आपल्याकडे कितीजणांना माहीत होता?

म्हणजे कोचची किंमत आहेच, आणि ती बाकावरच्या ओरडण्यात मोजू नये. इतरांना न दिसलेलं पोरगं ज्याला दिसतं आणि त्या पोरावर जो दोन हंगाम विश्वास टाकतो, तो कोच. बाकीचे नुसते पगारदार.

आता देशाच्या फुटबॉलकडे या. मानोलो मार्केझ यांनी २०२१-२२ मध्ये हैदराबादला आयएसएल जिंकून दिली. पुढे उभा होता बार्थोलोम्यू ओगबेचे, त्या हंगामात अठरा गोल. त्याच मार्केझना भारताचा कोच केलं. आठ सामने, एक विजय. डोकं तेच, पाटीवरच्या आखण्या त्याच. ओगबेचे कुठून आणणार?

तो एकमेव विजयही मालदीवविरुद्ध, मार्च २०२५ मध्ये. त्यासाठी २०२४ मध्ये निवृत्त झालेल्या छेत्रीला चाळिशीत परत बोलवावं लागलं, आणि त्याने गोलही केला. एकशे चाळीस कोटींच्या देशाला आजोबांना हाक मारावी लागते, यात कोचचा काय दोष?

मार्केझ गेले, ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील आले. मुंबईत घडलेला, ऐजॉलसारख्या छोट्या क्लबला २०१६-१७ ची आय-लीग जिंकून देणारा हा माणूस. सुरुवात झकास झाली, ओमानला पेनल्टीवर हरवून मध्य आशियाई स्पर्धेत तिसरा क्रमांक. मग मडगावात सिंगापूरकडून हार आणि २०२७ च्या आशिया चषकाचा दरवाजा बंद, पुढे ढाक्यात बांगलादेशकडूनही हार. लगेच कुजबुज सुरू झाली. अंदाज करा कशाची.

आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही. पोहरा कितीही वेळा बदला.

आडात का नाही? उत्तर याच खुर्चीच्या खेळात आहे. तीन सामने हरले की नोकरी जाणार, हे माहीत असलेला क्लबचा कोच पुढे कोणाला उभं करेल? एकोणीस वर्षांच्या पोराला, जो चार संधी घालवून पाचवी मारेल? की परदेशातून आणलेल्या तयार गड्याला? तुम्हीही तयार गडीच घ्याल, मीही घेईन. २०१४ ते २०२४-२५ या अकरा हंगामांत आयएसएलमध्ये सर्वाधिक गोल करण्याचा मान एकदाही भारतीयाला मिळालेला नाही.

कोच जितक्या झटपट बदलाल, तितका खेळाडू लांब जाईल. दोन्ही प्रश्न एकच आहेत, हे मालकांच्या ध्यानात येतच नाही.

हे चाकणला सांगावं लागू नये. प्रेस शॉपमध्ये वाकडा पार्ट निघायला लागला, तर नवा प्लँट हेड आणून तो सरळ होत नाही. डाय उघडून, शिम टाकून, पुन्हा ट्रायल काढून तो सरळ करतो सेटर. आणि चांगला सेटर जाहिरातीने मिळत नाही. सात-आठ वर्षं मशीनजवळ उभं राहू दिलं तर तयार होतो. सकाळच्या शिफ्टला हे ज्याला कळतं, तोच संध्याकाळी मॅच बघताना ‘कोच हटाव’ कसा म्हणतो?

आपल्या शहरात हे काम झालेलं आहे, म्हणून जास्त चीड येते. पुणे सिटीच्या आधीच्या पुणे एफसी या क्लबने २०११ मध्ये मामुर्डीला अकादमी काढली. मामुर्डी म्हणजे आपलंच, महापालिकेच्या हद्दीतलं. तिथल्या पोरांनी २०१२ आणि २०१३ मध्ये देशातली वीस वर्षांखालची आय-लीग जिंकली. मलप्पुरमहून आलेला आशिक कुरुनियन याच अकादमीत घडला आणि २०१९ च्या आशिया चषकात भारताकडून खेळला.

मोठा संघही तेव्हा भरात होता. डेरिक परेरा यांच्याकडे चार हंगाम संघ होता, आणि २०१२-१३ मध्ये पुणे एफसी आय-लीगमध्ये दुसरी आली. परेरा गेले. पुढच्या दोन हंगामांत दोन कोच. २०१५ मध्ये क्लब संपला.

अकादमी पुणे सिटीकडे गेली, आणि पुणे सिटीचं काय झालं ते वर आलंच आहे. त्या मैदानावर पुढचा आशिक घडत होता का, हे बघायला कोण थांबलं?

थोडं घरातही पाहू. वाकड, रावेत, पिंपळे सौदागर, जिकडे पाहावं तिकडे टर्फ. आईबाप आधी विचारतात, कोचकडे लायसन्स कुठलं? मुलगा तासाभरात चेंडूला किती वेळा पाय लावतो, हे कोणी विचारत नाही.

रविवारी सकाळी जाळीला नाक लावून उभे राहा. दहा वर्षांच्या पोराकडे चेंडू येतो. कोच ओरडतो, ‘पास!’ बाप ओरडतो, ‘मार!’ आई ओरडते, ‘सांभाळून!’ पोरगं मान वळवून तिघांकडे बघतं. तेवढ्यात चेंडू गेलेला असतो.

आणि हेच पोरगं विसाव्या वर्षी शेवटच्या मिनिटाला स्वतः निर्णय घेईल, अशी आपली अपेक्षा. ते स्वतः ठरवायला शिकलंच कधी?

शाळेत तेच, क्लासमध्ये तेच, मैदानातही तेच. चूक करायची मुभा नाही तिथे चढाईपटू निपजत नाही, स्ट्रायकर निपजत नाही, आणि क्वार्टरबॅक तर नाहीच नाही.

तेव्हा कोच जरूर आणा. स्पेनचा आणा, गोव्याचा आणा, नाहीतर भोसरीच्या तालमीशेजारचा आणा. फक्त करारात पहिली ओळ ही लिहा: तीन हंगाम तुला हात लावणार नाही, पण वीस वर्षांखालच्या किती पोरांना किती मिनिटं खेळवलंस, याचा हिशेब दर महिन्याला घेणार. त्यात कमी पडला तर खुशाल घरी पाठवा, संघ पहिला असला तरी.

आणि पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगावच्या कारखानदारांनो, सामाजिक निधीतून जर्सी वाटणं पुरे. एक मैदान घ्या, दहा वर्षांसाठी घ्या. पहिल्या तीन वर्षांत चषक मागू नका. कारखान्याच्या नव्या लाइनला तुम्ही जेवढी सवलत देता, तेवढी पोरांना द्या.

पुढचा कोच कोण, हे आम्हाला सांगूच नका. शेवटच्या मिनिटाला चेंडू ज्याच्याकडे जाणार आहे, त्या पोराचं नाव सांगा. ते सांगता येत नसेल, तर पत्रकार परिषद रद्द करा आणि मैदानावर जा.