वाळूचा कण आणि त्वचेचा कारभार

दुबईत राहणाऱ्याला उन्हाबद्दल सगळे विचारतात, मोज्यातल्या वाळूबद्दल कोणी विचारत नाही. शमाल वारा सुटला की ही वाळू खिडकीच्या खाचेत, डाळीच्या डब्याच्या झाकणावर आणि शेवटी बुटात पोचते. शारजाहून निघून अल इत्तिहाद रोडवर गाडी अडकावी, बूट काढायची सोय नसावी आणि नेमका तेव्हाच उजव्या तळव्याखाली एक कण हजर व्हावा, हे तुम्हीही सोसलं असणार. म्हणून रीतसर तक्रार मांडतो. कण निमित्तमात्र आहे. प्रतिवादी आहे माझी त्वचा.

दाबाची नोंद ठेवायला तिच्याकडे चार प्रकारचे कर्मचारी आहेत आणि ज्यांनी त्यांचा अभ्यास केला त्यांचीच नावं त्यांना मिळाली आहेत. मेर्केल दाब असेपर्यंत कळवत राहतो. माइस्नर स्पर्श सुरू झाला, संपला किंवा सरकला की जागा होतो. रुफिनी ताण बघतो. चौथा पाचिनी. इटलीच्या फिलिप्पो पाचिनीला तो 1831 साली, वैद्यकीचा विद्यार्थी असताना, हाताच्या विच्छेदनात दिसला. कांद्यासारखे पापुद्रे असतात त्याला. स्थिर दाब त्या पापुद्र्यांतच जिरतो, मज्जातंतूपर्यंत पोचतो तो फक्त बदल.

आता अन्याय बघा. चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधणारे काका प्रत्येक घरात असतात. कपाळावर दाब असतो, पण तो बदलत नाही, म्हणून त्याची दखल घेणं लवकरच बंद होतं. अख्ख्या मोज्याचंही तेच. सकाळी चढवताना जेमतेम जाणवतो, मग दिवसभर बेदखल. कणाला मात्र विशेष वागणूक. पायाचा भार इवल्याशा टोकावर एकवटतो, तिथे त्वचा खोल दबते आणि मेर्केलला टोकं आणि कडा फार प्रिय. त्यात वाहतूक अशी की दर दहा फुटांवर ब्रेक. पाऊल दाबलं की नवी नोंद, उचललं की नवी नोंद. रस्ता मोकळा असता तर निदान माइस्नर आणि पाचिनी गप्प बसले असते!

पाचिनीची आणखी एक तक्रार याच अर्जाला जोडतो. सेकंदाला दोनशे ते तीनशे कंपनं त्याला सर्वांत चांगली कळतात आणि खिशातल्या मोबाइलची थरथरही साधारण त्याच्या आसपासची. न मागितलेलं कर्ज देऊ करणारा संदेश त्यामुळे मांडीला तत्काळ पोचतो.

दाद मागावी तर वरपर्यंत एकच साखळी. आर्डेम पटापूटियन यांच्या गटाने 2010 साली पिएझो नावाची प्रथिनं शोधली. पटापूटियन मूळचे बैरूतचे. 2021 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. पेशीचा पडदा ताणला की या तीन पात्यांच्या प्रथिनातली वाट उघडते, विद्युतभारित कण आत शिरतात आणि संदेश निघतो. पिएझो-2 जन्मापासून निकामी असलेल्या माणसांना डोळे मिटले की आपले हातपाय कुठे आहेत हेही कळत नाही. त्यामुळे ही व्यवस्था बंद करा, असं मी म्हणूच शकत नाही. मागणी फक्त न्याय्य वाटपाची आहे.

कारण वाटपात उघड पक्षपात आहे. एका तळहातावर असे सुमारे सतरा हजार कर्मचारी. बोटाच्या टोकाला दोन मिलिमीटरवरची दोन टोकं वेगळी कळतात. पाठीवर तीच टोकं सुमारे चाळीस मिलिमीटर लांब न्यावी लागतात. अर्न्स्ट वेबर यांनी 1834 मध्येच शरीराच्या भागांमधली ही तफावत मोजून मांडली होती. अजून सुधारणा नाही. परिणामी सदऱ्याच्या आत काहीतरी टोचत असतं, बायको मागे उभी राहून शोधत असते, मी वर म्हणतो, मग डावीकडे म्हणतो, मग पुन्हा खाली. "अहो, नक्की कुठे ते सांगा की," ती म्हणते. सांगणार कुठून? पाठीने मलाच कळवलेलं नसतं.