धक्का विसरलेली उडी

नागपूरजवळच्या वाडीतून युरोपला जाणारे आता पुष्कळ झाले. डिफेन्समधून निवृत्त झालेली जोडपी, अमरावती रोडवरच्या ट्रान्सपोर्टवाल्यांची कुटुंबं, फ्रान्समध्ये नोकरीला असलेल्या पोरांचे आईबाप. यातले काही जण पॅरिसहून तीन-सव्वातीन तासांची वेगवान गाडी धरून मुद्दाम मार्सेलिसला जातात. जुन्या बंदरात बोटींच्या गर्दीसमोर फोटो काढतात, 'इथेच तात्याराव सावरकरांनी उडी मारली' असं खाली लिहितात आणि संध्याकाळच्या गाडीनं परततात.

उडी तिथे मारलेलीच नाही.

जुनं बंदर ही समुद्राची आत शिरलेली चिंचोळी खाडी. इसवीसनापूर्वी 600 च्या सुमारास आशिया मायनरमधल्या फोसियाहून आलेल्या ग्रीक दर्यावर्दींनी हे शहर वसवलं ते तिच्या काठी. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मोठी वाफेची जहाजं तिथे मावेनात. त्यांच्यासाठी ला जोलिएतला आणि तिच्या उत्तरेला नव्या गोद्या बांधल्या गेल्या. कैदी सावरकरांना मुंबईकडे घेऊन निघालेलं पी अँड ओ कंपनीचं टपालजहाज 'मोरिया' 7 जुलै 1910 च्या संध्याकाळी मार्सेलिसला आलं, तेव्हा अशी जहाजं लागत ती या नव्या बंदरात. फोटो काढणाऱ्यानं अर्धा तास उत्तरेकडे चालायला हवं. गोष्ट तिथली आहे.

आमच्याकडे कोणी मार्सेलिसहून आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती मैल पोहले असतीन जी ते?" मैल वगैरे काही नाही. जहाज गोदीत होतं. 8 जुलैच्या सकाळी शौचकुपाच्या गोल खिडकीतून अंग काढून सावरकर पाण्यात पडले, थोडंसं अंतर पोहले, धक्क्यावर चढले आणि धावत सुटले. पोहण्याचं अंतर वाढवून सांगितल्यानं त्या उडीचं मोल वाढत नाही. उलट तिचा हेतूच पुसला जातो. त्यांना समुद्र पार करायचा नव्हता, फ्रान्सच्या जमिनीवर पाय टेकवायचा होता. तो पाय टेकला, त्या क्षणी एका कैद्याच्या पलायनाचा दोन राष्ट्रांमधला खटला झाला. खरी गोष्ट पाण्यात घडली नाही, धक्क्यावर घडली.

धक्क्यावर त्यांना पकडलं ते फ्रेंच सागरी पोलिसांच्या एका हवालदारानं. जहाजावर काही गुन्हा करून पळालेला खलाशी असावा असं त्याला वाटलं, असं नंतर सांगितलं गेलं. जहाजावरून उतरलेल्या तिघांच्या मदतीनं त्यानं त्यांना परत नेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी 'मोरिया' निघून गेली. मग फ्रान्समध्ये बोंब उठली. जाँ जोरेसच्या 'ल्युमानिते' या पत्रात कार्ल मार्क्सचा नातू जाँ लाँगे यानं हा प्रश्न लावून धरला : आमच्या भूमीवर आलेला राजकीय कैदी आमच्याच पोलिसानं कोणत्या अधिकारानं परत दिला? फ्रान्स सरकारनं कैदी परत मागितला. ब्रिटननं नकार दिला. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं.

पाच पंच. अध्यक्ष बेल्जियमचे माजी पंतप्रधान बेर्नार्ट. एक पंच ब्रिटनचा, एक फ्रान्सचा. 24 फेब्रुवारी 1911 ला निवाडा आला : अटक करून हवाली करण्यात अनियमितता झाली हे खरं, पण परक्या देशाच्या शिपायानं केलेल्या चुकीमुळे कैदी परत द्यावा असा आंतरराष्ट्रीय कायद्याचा नियम नाही. चूक मान्य, उपाय नाही. तोवर मुंबईत डिसेंबर 1910 आणि जानेवारी 1911 अशा दोन जन्मठेपा सुनावून झाल्या होत्या. 4 जुलै 1911 ला सावरकर अंदमानात पोचले.

सावरकरांविषयी तुमचं मत काहीही असो, हा निवाडा वाचाच. मोजक्या पानांचा आहे. नागपुरात सावरकरनगर आहे, तिथून रोज हजारो माणसं जातात. हेगमध्ये काय ठरलं हे त्यातल्या किती जणांना सांगता येईल? उडीवर भाषणं करणाऱ्यांनाही आपण हे कधी विचारत नाही, आणि विचारायला हवं.

कारण हवाली करण्याचा प्रश्न मार्सेलिसला पुन्हा भिडला. जून 1940 मध्ये फ्रान्स हरला. युद्धबंदी कराराच्या 19 व्या कलमानं जर्मनी मागेल तो जर्मन निर्वासित हवाली करणं फ्रान्सवर बंधनकारक झालं. तेव्हा जीव वाचवायला निघालेली माणसं याच मार्सेलिसमध्ये जमली. व्हेरियन फ्राय हा अमेरिकी पत्रकार ऑगस्टमध्ये तिथे आला आणि वर्षभरात खऱ्याखोट्या कागदपत्रांवर सुमारे दोन हजारांना त्यानं बाहेर काढलं. त्यात चित्रकार शागाल होता, विचारवंत हाना आरेंट होती. पुढे फ्रेंच सरकारनं फ्रायलाच हाकलून दिलं. हे सगळं त्या बंदरात उभं राहून आठवलं, तर 1910 ची ती सकाळ एकट्या महाराष्ट्राची राहत नाही.

बघायचं म्हटलं तर स्टेशनातून बाहेर पडताच सुरुवात होते. सेंट शार्लच्या 104 पायऱ्यांच्या भव्य जिन्यावर फ्रान्सच्या आशियाई आणि आफ्रिकी वसाहतींचे स्त्रीरूपातले पुतळे आहेत. आपल्याकडचा माणूस तिथे थांबत नाही, घाईनं टॅक्सी शोधतो. थांबावं. समुद्रात इफचा किल्ला आहे. तिथे खरेखुरे कैदी खितपत पडले, पण लोक बघायला जातात ती ड्युमाच्या कादंबरीतल्या काल्पनिक काउंटची कोठडी. आणि शहराच्या दक्षिणेला माझार्गची युद्ध-दफनभूमी. 1914 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात लाहोर आणि मेरठ डिव्हिजनच्या हिंदी पलटणी मार्सेलिसलाच उतरल्या होत्या. इंग्रजांच्या युद्धासाठी आलेले आणि परत न गेलेले आपले कितीतरी जवान तिथे आहेत. फेब्रुवारी 2025 मध्ये पंतप्रधान मोदी आणि राष्ट्राध्यक्ष माक्राँ तिथे गेले, म्हणून चार दिवस नाव ऐकू आलं.

तेव्हा पुढच्या उन्हाळ्याच्या टूरचं पत्रक हातात आलं आणि त्यात 'मार्सेलिस : फोटोसाठी थांबा' असं दिसलं, तर पैसे भरण्याआधी भांडा. अख्खा दिवस मागा. सकाळ ला जोलिएतला, दुपार माझार्गला, आणि बसमध्ये वाटायच्या फाइलीत हेगचा निवाडा.