बेड्यांची जन्मठेप

ज्या गृहस्थाने हयातभर बेड्या, साखळदंड आणि पेट्या यांतून निसटण्यावरच आपला चरितार्थ चालविला, त्याच्याच बेड्यांनी आज संग्राहकाच्या काचेच्या कपाटात, पक्क्या कुलपाखाली जन्मठेप भोगीत पडावे, हा दैवाचा विनोद त्या संग्राहकाच्या ध्यानी येत नाही, हे त्याच्या मनःस्वास्थ्याच्या दृष्टीने इष्टच म्हणावयाचे. हॅरी हूडिनी १९२६ साली निवर्तला. जादूचे साहित्य भाऊ हार्डीनकडे जावे व त्याच्या पश्चात ते जाळून टाकावे, असा त्याच्या मृत्युपत्रातील मजकूर होता. त्या मजकुराची तामील झाली ती अशी की, २००४ मध्ये लास व्हेगासच्या लिलावात त्याची प्रख्यात जलयातनापेटी डेव्हिड कॉपरफील्ड या दुसऱ्या जादूगाराने सुमारे ३ लाख डॉलर मोजून उचलली. (पाय वर खोड्यात, डोके खाली पाण्यात, असा त्या पेटीतला थाट, बोली चढू लागल्यावर गिऱ्हाइकाची अवस्था याहून निराळी राहत नसावी.) अर्थात हूडिनी स्वतःही जुन्या जादूगारांची भित्तिपत्रके नि पुस्तके अधाशासारखी जमवी, तेव्हा त्याची फारशी कीव करण्याचे प्रयोजन नाही. जादूवरील ग्रंथ मात्र त्याने वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयास देऊन टाकले; ते तेथे दिडकीही न मोजता वाचावयास मिळतात.