चिऊची मम्मा

नेरळ, कर्जत, खोपोली या पट्ट्यात भाताची खाचरं बुजवून जेवढ्या सोसायट्या उभ्या राहिल्या, त्या प्रत्येकीत एक तरी चिऊची मम्मा राहते. तिला स्वतःचं नाव आहे, पण ते आता आधार कार्डापुरतंच उरलंय. शेजारणींच्या फोनमध्ये ती ‘चिऊ मम्मा’ म्हणून सेव्ह आहे. तिच्या फोनमध्ये ‘विवान मम्मा’, ‘विवान मम्मा बी विंग’ आणि ‘विवान मम्मा नवीन’ अशा तिघी आहेत. तिघींची खरी नावं कुणाला ठाऊक नाहीत आणि त्यावाचून कुणाचं अडतही नाही.

चिऊची मम्मा आद्याक्षरांत बोलते. नवरा म्हणजे ‘डीएच’, डिअर हजबंड. कडाक्याचं भांडण झालं तरी डीएचमधला ‘डी’ जात नाही. सासू ‘एमआयएल’. चिऊ स्वतः ‘एलओ’, म्हणजे लिटल वन. परवा बाजारातल्या मेडिकलवाल्याला म्हणाली, “एलओला कोल्ड झालाय, काहीतरी सेफ द्या.” त्यानं फडताळ दोनदा वरखाली पाहिलं आणि म्हणाला, “ताई, एलओ संपलंय. प्लेन देऊ?”

तिचं सर्वांत लाडकं वाक्य म्हणजे ‘फेज आहे, जाईल’. चिऊ रात्री तीनदा उठते, तर ते चार महिन्यांचं स्लीप रिग्रेशन. पुढे आठ महिन्यांचं, त्यापुढे अठरा महिन्यांचं. मधल्या महिन्यांत रडली तर ‘लीप’ चालू आहे. चिऊ वरणभात थुंकते, ती फेज. आजोबांचा चष्मा कमोडमध्ये टाकते, ती फेज तर आहेच, शिवाय माइलस्टोनही आहे, कारण नेम लागला. जुलैत वांगणीजवळ रुळांवर पाणी चढलं आणि डीएच लोकलमध्ये अडकून पडला. रात्री त्यानं रडकुंडीला येऊन फोन केला, तेव्हाही तिच्या तोंडून सवयीनं गेलं, “फेज आहे रे, जाईल.”

एमआयएल मूळच्या चौककडच्या. त्यांचं बालसंगोपन मम्माला फारच मागासलेलं वाटतं, कारण त्यांच्याकडे सगळ्यावर एकच निदान: “दात येतायत तिला.” ताप आला, दात येतायत. जुलाब झाले, दात येतायत. सोळा दात आल्यावरही किरकिरली, तरी दातच. दातांनी भागलं नाही तर दृष्ट. लग्नाहून आल्यावर चिऊनं घर डोक्यावर घेतलं, तेव्हा आई मीठमोहऱ्या घेऊन उठल्या. मम्मानं त्यांना थांबवलं. “आई, तिला दृष्टबिष्ट काही नाही. ओव्हरस्टिम्युलेट झालीय ती. खूप लोकांनी हाताळलं ना.” आई म्हणाल्या, “मी दुसरं काय सांगते गो?” मग एकीनं मीठमोहऱ्या ओवाळल्या, दुसरीनं मोबाइलवर व्हाइट नॉइज लावला. तासाभरानं चिऊ झोपली आणि यश दोघींनी घेतलं. तासाभरानं ती तशीही झोपणारच होती.

मध्यरात्री रडणाऱ्या पोरापुढे ‘मला काही कळत नाहीये’ असं म्हणायची मुभा आईला कुठल्याच काळानं दिलेली नाही. म्हणून दर पिढी असे पाच-दहा शब्द उशाशी ठेवून झोपते. त्यांनी पोराला काही होत नसलं तरी आईला धीर येतो. मम्माच्या शब्दांना तर मोठं कूळ आहे. अमेरिकेत डॉ. बेंजामिन स्पॉक यांनी 1946 साली जाडजूड पुस्तक लिहून आयांना स्वतःवर भरवसा ठेवायला सांगितलं. त्याचं आता ‘ट्रस्ट युवर गट, मम्मा’ झालंय. इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी 1953 सालच्या निबंधात ‘गुड इनफ मदर’ची कल्पना मांडली. आई अगदी निर्दोष असायला नको, ती हळूहळू थोडी थोडी कमी पडत गेली की पोर जगाला सरावतं, असं त्यांचं म्हणणं. आयांच्या डोक्यावरचा भार उतरवणारा विचार होता तो. आता त्याचं ‘यू आर इनफ’ असं गुलाबी स्टिकर झालंय. मम्मा ते सकाळी सगळ्यांना पाठवते आणि दुपारी विचारते, “ऑरगॅनिक नाचणी कुठे मिळेल? साधी दिली, खूप मॉम गिल्ट येतंय.” डोंगरावरच्या वाडीतून आलेली बाई खाली गेटपाशी नाचणी घेऊन बसलेली असते. पण तिच्या नाचणीवर ऑरगॅनिकचा शिक्का नसतो.

मागच्या पल्स पोलिओच्या फेरीला अंगणवाडी सेविका दारात आल्या. त्यांनाही सरकारनं आद्याक्षरं काही कमी दिलेली नाहीत. दोन भाषा समोरासमोर उभ्या राहिल्या.

“ताई, टीएचआर घेता का?” म्हणजे लेकरासाठी घरी न्यायचा शिधा.

“नाही हो, आम्ही बीएलडब्ल्यू करतो.”

सेविकेचं पेन थांबलं. “कधीपासून?”

“सहा महिन्यांची झाली तेव्हापासून.”

“अगं बाई! डॉक्टरांना दाखवलंत?”

“त्यांना हे पटतच नाही.”

सेविकेनं सुस्कारा सोडला, वहीत ‘आजार’ या रकान्यात ‘बीएलडब्ल्यू’ लिहिलं आणि सोमवारी आरोग्य केंद्रात यायला सांगितलं. बीएलडब्ल्यू म्हणजे बेबी-लेड वीनिंग. ब्रिटनच्या गिल रॅपली यांच्या 2008 सालच्या पुस्तकानं ते घरोघर पोचलं. लेकराला भरवायचं नाही, पदार्थ पुढ्यात ठेवायचा, ते हातानं उचलून खाईल. चिऊ उचलते, पण तोंडाचा पत्ता तिला अजून नीट सापडत नाही. त्यामुळे गॅलरीतले कावळे बाळसं धरू लागलेत. खरं तर या विषयातली भाषा आपल्याकडेही घडली होती. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालवाडी काढली, मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. 1975 साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द केरळपासून काश्मीरपर्यंत गेला. पण मम्माच्या लेखी तो सरकारी शब्द. तिची चिऊ प्ले-ग्रुपला जाते.

मम्माचा खरा कस लागला तो कर्जत स्टेशनवर. पुण्याकडच्या गाड्यांना घाट चढायला इथे मागून जादा इंजिनं लावतात. त्या थांब्यावर इथला बटाटावडा पिढ्यान्‌पिढ्या खपत आला आहे. चिऊला त्याचा वास आला आणि तिनं फलाटावर लोळण घेतली. कुणीतरी म्हणालं, “काय हट्ट गं हा!” मम्मानं आधी ते दुरुस्त केलं, “हट्ट नाहीये, मेल्टडाउन आहे.” मग चिऊच्या डोळ्यांच्या पातळीवर यायचं म्हणून ती भर गर्दीत उकिडवी बसली. “मम्मा इज हिअर. तुला बिग फीलिंग्ज आल्यात ना? राग येणं ओके आहे. आपण दोघी डीप ब्रीद करू.” भोवती माणसं जमली. एक आजी कळवळून म्हणाल्या, “देऊन टाक की गं, वडाच तर मागतेय.”

“काकू, वडा हा इश्यूच नाहीये. तिला कनेक्शन हवंय.”

चिऊनं रडणं थांबवलं आणि शांतपणे सांगितलं, “वडा.”

हे सगळं खरं, पण तिला नुसती बोलघेवडी म्हणणं अन्यायाचं होईल. एका रात्री दोन वाजता बी विंगमधल्या नवीन आईनं ग्रुपवर लिहिलं, की बाळ थांबतच नाहीये, मी एकटी आहे. लगोलग ‘हग्ज’, ‘स्टे स्ट्राँग’, ‘बीन देअर’ यांचा पाऊस पडला. चिऊच्या मम्मानं एक अक्षर टाइप केलं नाही. ती गाउनवर ओढणी घेऊन जिना उतरली, बी विंगचे तीन मजले चढली, बाळ खांद्यावर घेतलं आणि उजाडेपर्यंत येरझाऱ्या घालत राहिली. पाठ थोपटताना तिच्या तोंडून थेट सासूबाईंच्या सुरात निघालं, “दात येतायत गो त्याला.” बाळ दोन महिन्यांचं होतं.

लागण उलटीही झालीच. संकष्टी नेमकी रविवारी आली. मम्माचा ऑनलाइन वर्ग होता, विषय ‘मुलांना नाही कसं म्हणावं’. तिनं चिऊला सासूबाईंकडे सोपवायला घेतलं, तर त्या लुगडं नेसून चपला शोधत होत्या.

“नाय गो. आम्ही बाया महडला चाललोय, वरदविनायकाला. आज माझा मी-टाइम.”

“पण आई, ऐन वेळेला?”

“माझी बाउंडरी रिस्पेक्ट कर जरा. आणि डीएच आहे की घरात. करू दे त्याला क्वालिटी टाइम.”

डीएच. सोमवार ते शनिवार सीएसएमटीपर्यंतचे 100 किलोमीटर जाऊन येऊन करणारा आणि रविवारी त्याची झोप वसूल करणारा माणूस. इतक्या आद्याक्षरांत आणि माइलस्टोनांत त्याच्या वाट्याला कधी एक क्रियापदही आलं नव्हतं. दार लागलं. आत मम्मा कॅमेरा सुरू करून ‘नाही’ म्हणायला शिकत होती, बाहेर चिऊनं तोंड वासलं. आयांच्या ग्रुपात त्याला प्रवेश नव्हता. म्हणून त्यानं सोसायटीच्या मेंटेनन्सच्या ग्रुपवर लिहिलं, “ए विंग, तिसरा मजला. अर्ध्या तासापासून चालू आहे, थांबत नाही. काय करायचं असतं?”

सेक्रेटरींचं उत्तर मिनिटभरात आलं, “नोंद घेतली आहे. सोमवारी माणूस पाठवतो.”