अनोळखी खर्चाची कैफियत

ज्यांची सारी हयात कोषागारात गेली आहे, अशा माणसांना बँकेचा खातेउतारा वाचण्यात जे सुख लाभते ते इतरांना कादंबरी वाचण्यातही लाभत नसेल. कारण त्यात पात्रे असतात, प्रसंग असतात, महिन्याच्या आरंभीचे वैभव आणि अखेरीचे वैराग्य असते, आणि जे कोणत्याही कादंबरीकाराला साधलेले नाही ते, म्हणजे प्रत्येक प्रसंगानंतर काढलेली शिल्लक, तीही असते. परभणीच्या कोषागारात मी आयुष्यभर लोकांची देयके तपासली, त्यांवर आक्षेप काढले, प्रमाणकावाचून एक छदाम कोणाच्या हाती पडू दिला नाही. आणि सेवानिवृत्तीनंतर, दुसऱ्याचे तपासण्यासारखे काही न उरल्यामुळे, स्वतःचेच खाते त्याच निष्ठुरपणे तपासू लागलो. वीजबिल, औषधे, वसमत रस्त्यावरच्या दुकानातला किराणा, सौभाग्यवतींनी केलेले आणि मी केवळ भोगलेले काही संकीर्ण खर्च, यांची रुजवात घालता घालता एके महिन्यात माझी पेन्सिल एका नोंदीपाशी थबकली.

रक्कम होती रुपये 149. नावाच्या जागी रोमन अक्षरांचा एक पुंजका होता, ज्यातील सर्व स्वर काटकसरीच्या कुठल्याशा धोरणानुसार कमी करण्यात आले असावेत. मग एक तारा, आणि ताऱ्यापुढे मध्येच तुटलेला एक शब्द. विधानसभेच्या तारांकित प्रश्नांना उत्तरे लिहिण्यात ज्याची उमेद गेली, त्याला ताऱ्याची भीती वाटत नाही. पण प्रश्न कोणी विचारला हे तरी तिथे कळत असे. मागचे उतारे काढून पाहिले तो हाच गृहस्थ दर महिन्याच्या त्याच तारखेस, पेन्शन जमा झाल्यावर चार दिवसांनी, येऊन आपला हिस्सा घेऊन जात होता. शिवाय अधूनमधून 89 रुपयांच्या किरकोळ उचली होत्याच. देशमुखीचा हक्क संपला, इनामे खालसा झाली, आणि माझ्या पेन्शनीवर मात्र कोणी अज्ञात वतनदार नव्याने कायम झाला होता.

घरात असा प्रसंग उद्भवला म्हणजे तो प्रथम अण्णांच्या कानी घालावा, ही आमची रीत. अण्णा माझे थोरले बंधू, जिल्हा परिषदेच्या प्रशालेचे सेवानिवृत्त मुख्याध्यापक, वय ऐंशीच्या पुढे, आणि शिस्तीच्या बाबतीत निजामाच्या आणि त्यानंतरच्या अशा दोन्ही राजवटींची कडक बाजू तेवढी उचललेले. त्यांनी उतारा हाती घेतला, चष्मा कपाळावर चढवला, थोडा वेळ छताकडे पाहिले आणि निकाल दिला : "हे गेमचे काम. लेखी तक्रार कर. आणि पुण्याहून आलेल्या त्या कारट्याचा मोबाइल जप्त कर." कारटे म्हणजे माझा सुटीवर आलेला नातू. त्याची मी रीतसर जबानी घेतली असता त्याने तो तुटका शब्द वाचला, तुच्छतेने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "आजोबा, हा साखरगोळ्या जुळवायचा गेम आहे. हे म्हातारे लोक खेळतात." आरोपीचे हे विधान मी उद्धटपणाच्या सदराखाली नोंदवून बाजूला ठेवले.

बँकेत जाण्यापूर्वी नियमांचा अभ्यास केला, कारण नियमांवाचून मी कोणत्याही खिडकीसमोर उभा राहिलेलो नाही. रिझर्व्ह बँकेचे 6 जुलै 2017 चे परिपत्रक हे, माझ्या मते, अलीकडच्या सरकारी गद्यातले एक सहृदय लेखन आहे. ग्राहकाचा किंवा बँकेचा काही दोष नसताना त्रयस्थाने पैसे उडवले, आणि ग्राहकाने तशी सूचना मिळाल्यापासून 3 कामकाजाच्या दिवसांत बँकेस कळवले, तर त्याच्यावर एका पैशाचीही तोशीस नाही. 4 ते 7 दिवसांत कळवले तर साध्या बचत खात्यास 10,000 रुपयांपर्यंतची मर्यादित जबाबदारी. त्याहून उशीर झाला तर बँकेचे धोरण आणि आपले नशीब. कळवल्यापासून 10 कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम बँकेने खात्यावर परत मांडावी, 90 दिवसांत तक्रार निकाली काढावी, आणि, वाचकहो, हे मी दोनदा वाचले, दोष ग्राहकाचा आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही तर 2021 पासून एकात्मिक लोकपालाकडे जाता येते; आणि सरळसरळ दरोडाच पडला असेल तर 1930 हा क्रमांक आहे. एवढी सामग्री घेऊन, फुलस्केप कागदावर समास सोडून, मी कैफियत लिहिली. तीत "अज्ञात इसमाने बदहेतूने" हे शब्द तीन ठिकाणी आले होते.

खिडकीतली अधिकारी मुलगी माझ्या नातीच्या वयाची. तिने कैफियत आदराने बाजूला ठेवली, संगणकात पाहिले आणि म्हणाली, "काका, हे चोरीचं दिसत नाही. पहिल्या वेळी ओटीपी टाकलेला आहे. नंतर दर महिन्याची परवानगी दिलेली आहे, म्हणून आपोआप कटतंय." मग तिने समजावून सांगितले की, 2021 च्या ऑक्टोबरपासून अशा आवर्ती वसुलीला पहिल्यांदा खातेदाराची खातरजमा लागते, पुढे 15,000 रुपयांपर्यंत दर खेपेस ओटीपी लागत नाही, मात्र पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी संदेश जातो, आणि तो वाचून नको असेल तर नकार देता येतो. "संदेश कुठे जातो?" मी विचारले. तिने क्रमांक वाचून दाखवला. क्रमांक माझाच होता. परंतु माझ्या मुलाने मला नवा मोबाइल आणि नवा क्रमांक घेऊन दिल्यापासून तो जुना मोबाइल, त्यातील जुन्या सिमासह आणि रिचार्जसाठी नोंदवून ठेवलेल्या कार्डासह, घरातील ज्येष्ठ पुरुषास प्रवचने ऐकण्यासाठी अर्पण करण्यात आला होता.

म्हणजे दर महिन्यास नोटीस कायदेशीर रीतीने निघत होती, बजावली जात होती, आणि ज्याच्यावर ती बजावली जात होती त्याने ती कुटुंबप्रमुखाच्या अधिकारात मान्य केली होती. मुलीने पुढे केलेल्या छापील अर्जात एक रकाना होता : व्यवहार आपल्या परिचयातील व्यक्तीने केला आहे काय? ज्याने मला पाढे शिकवले, त्या माणसाचे नाव मी त्या रकान्यात कसे लिहावे? अर्ज कोरा घेऊन मी घरी आलो.

अण्णांनी काहीही नाकारले नाही. प्रवचन सुरू होण्यापूर्वी एक जाहिरात लागली, जाहिरातीत गोळ्या जुळत होत्या, त्या चुकीच्या जुळत होत्या, आणि डोळ्यांदेखत होणारी चूक दुरुस्त केल्यावाचून मुख्याध्यापकाला राहवत नाही. एवढाच त्यांचा बचाव. मग 89 रुपयांना सोन्याच्या विटा मिळतात आणि त्या विटांनी अडलेला डाव सुटतो, हे त्यांनी मला मोबाइल हाती घेऊन दाखवले. "जमला तर जमला," ते म्हणाले, "बनी तो बनी, नहीं तो परभणी." पण या विटांच्या हिशेबाने मात्र ते स्वतःही व्यथित झाले होते. आमच्या लहानपणी परभणीत निजामाचा हाली रुपया चाले आणि इंग्रजी रुपयाला कलदार म्हणत. गोदावरी खोऱ्याच्या रेल्वेने मनमाडला उतरले की हाली कुचकामी, कलदार काढावे लागत. दर ठरलेला असे : सात हालींचे सहा कलदार. सराफाने बट्टा अधिक घेतला तरी, अण्णांचे म्हणणे, रुपया इकडून तिकडे जाई तसा तिकडून इकडे येईही. या खेळातला सराफ कलदार घेऊन विटा देतो. विटा परत नेल्या तर तो दुकानात नसतो. शिवाय विटा विकतो त्या दहांच्या गठ्ठ्यात आणि अडथळा सुटायला मागतो बारा, म्हणजे दोन विटांसाठी पुन्हा गठ्ठा घ्या आणि आठ शिल्लक ओढा. ही शिल्लक पुढील वर्षी ओढण्याची युक्ती ज्याने काढली, त्याने एखाद्या कोषागारात उमेदवारी केली असली पाहिजे.

अण्णा एकटे नाहीत, हे मला मागाहून वाचनात आढळले. अमेरिकेत मुलांनी आईबापांच्या नकळत केलेल्या अशा खरेदीपायी तेथील व्यापार आयोगाने 2014 साली ॲपलकडून किमान 3 कोटी 25 लाख डॉलर ग्राहकांना परत देवविले, आणि 2022 साली फोर्टनाइट काढणाऱ्या एपिक कंपनीस 24 कोटी 50 लाख डॉलरांच्या परताव्यास राजी केले. आपल्याकडे 2020 साली पंजाबातील खरड येथे एका मुलाने पबजीपायी आईबापांच्या खात्यांतून 16 लाख रुपये उडवले, तेव्हा बापाने त्यास स्कूटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला बसवल्याचे वृत्तपत्रांत आले होते. हा न्याय मला अत्यंत पसंत पडला. परंतु परभणीत असे एकही गॅरेज नाही जिथला मिस्त्री अण्णांचा विद्यार्थी नाही, आणि त्यांना पाना हातात द्यायला कोण धजणार? 2025 च्या ऑगस्टात संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला, तिथेही माझी निराशाच झाली. ज्या खेळात पैसे लावून पैसे मिळण्याची आशा असते तो निषिद्ध. अण्णांच्या खेळात पैसे मिळण्याची आशाच नाही, ते फक्त जातात, म्हणून तो सर्वस्वी कायदेशीर.

दुसऱ्या दिवशी नातवाने, ज्याची मी अद्याप माफी मागितलेली नाही, कारण अण्णांनीही मागितलेली नाही, त्या मोबाइलात शिरून दरमहाची परवानगी रद्द केली, माझे कार्ड काढून टाकले, आणि गुगल प्लेच्या नियमाप्रमाणे 48 तासांच्या आतल्या एका 89 रुपयांच्या खरेदीचा परतावा मागितला. तो मंजूर झाला. बाकीच्या रकमेबाबतचा आक्षेप मी मागे घेतला असून ती वडीलधाऱ्यांच्या मानधनाच्या सदरी खर्ची टाकली आहे. अण्णांनी आता स्वतःच्या पेन्शनखात्याचे कार्ड त्या मोबाइलात घातले आहे, आणि त्यांच्या खात्याचा उतारा तपासण्याचे काम, अर्थातच, माझ्याकडे आहे.