नाली उपसा, टाळ्या घ्या

अमेरिकेत हायस्कूलच्या पोराने वस्तीसाठी एखादा उपक्रम उभा केला, तर त्याला कॉलेजसाठी शिष्यवृत्ती मिळू शकते. वर्ध्याजवळच्या आंजी (मोठी)तल्या पोराने चार सवंगडी जमवून नाली उपसली, तर त्याला मिळणार लॅमिनेट केलेले प्रमाणपत्र आणि पुढाऱ्याच्या स्वागताला पहिल्या रांगेत उभे राहण्याचा मान.

आपल्याकडेही एनएमएमएस शिष्यवृत्ती आहे की! आठवीत परीक्षा द्या, निवडयादीत या आणि नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये घ्या. बौद्धिक क्षमतेचे ९० प्रश्न, शालेय विषयांचे ९०. नाली कोणी उपसली, हा १८१वा. तो छापलाच जात नाही. पुढची आकृती ओळखणाऱ्याला पैसे, पुढची तुंबणारी नाली ओळखणाऱ्याला टाळ्या.

आणि हे त्या वर्ध्यात, जिथे ऑक्टोबर १९३७मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखालील परिषदेने हाताच्या कामातून शिक्षण द्यायचे ठरवले. (त्याची आठवण म्हणून कार्यानुभवाचा तास असतो, तो बहुधा गणिताचे सर मागून घेतात.)

अर्थात उद्या वस्तीच्या कामासाठी शिष्यवृत्ती निघालीच, तर आधी फोटोग्राफर ठरेल, मग नाली. म्हणून सरकारला आताच विनंती: निवड समितीवर त्या नालीशेजारी राहणारी एखादी आजी घ्या. फोटो दाखवून तिचे समाधान होणार नाही.