शिरूरवाल्यांनी डिस्क दाबली!

"काकू, ऐकलंत का? दौंडच्या भावजींचं गाणं गेलं!"

"अगं बाई! घशाला काय झालं त्यांच्या?"

"घसा चांगला आहे हो. कॉम्प्युटरमधलं गेलं. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून त्यांना दुसरा उद्योग आहे का? तुकोबांची पालखी वरवंडला मुक्कामाला आली की हे रेकॉर्डर घेऊन हजर. रात्रभर भजन भरून आणायचं. शिवाय मामंजींच्या जुन्या कॅसेटी. सगळं स्वतःच्या हातानं पुसलं."

"मुद्दाम?"

"छे! प्रत्येक फोल्डरात तीच नावं, ट्रॅक ०१, ट्रॅक ०२. त्यांना वाटलं, एकच गोष्ट चार-चारदा पडलीय, जागा मोकळी करू."

"पण तो दोन डिस्कचा काळा डबा घेतला होता ना? तुझी नणंद हळदीकुंकवाला सगळ्यांना सांगत होती, एक बिघडली तरी दुसरीत असतंच म्हणून."

"बिघडली तर असतं, काकू. पुसलं तर नसतं. डबा एकीवर जे होईल ते त्याच क्षणाला दुसरीवर करतो. शहाणपण नाही त्याला, नुसती आज्ञा पाळतो."

"भावजींसारखाच म्हणायचा! पण डबा लागतो कशाला मी म्हणते? माझ्या फोनात पाचशे गाणी आहेत."

"तुमची एमपी३. चांगल्यातली घेतली तरी तासाला १४४ एमबी. भावजी भरतात २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर. सेकंदाला ९६ हजार वेळा आवाज मोजायचा. सीडीत तो ४४,१०० वेळाच मोजतात. तासाला दोन जीबी झाले. फ्लॅक केलं, म्हणजे फाइल दाबून लहान केली, की सव्वा जीबीच्या आसपास येतं, आणि आवाजातलं काहीच जात नाही."

"मग माझी गाणीपण दे की फ्लॅक करून."

"चिपाडाची मोळी बांधली म्हणून ऊस होतो का? एमपी३ करताना जे गेलं ते गेलं. जागा तेवढी वाढेल."

"आणि एवढं करून कानाला कळतं का गं काही?"

"खरं सांगू? ऐकायला सीडीएवढं बास आहे. २४ बिटचा फायदा भरताना. भजन हळू सुरू होतं आणि मधेच पखवाज असा कडाडतो की रेकॉर्डिंग फाटतं. २४ बिटला आवाज आधीच कमी ठेवून भरायचा, घरी आल्यावर वाढवायचा. मागं खरखर उठत नाही."

"बरं, मग आता गेलं ते गेलंच?"

"तीच तर गंमत! मागच्या दिवाळीला भावजी आमच्याकडं एक डिस्क विसरून गेलेले. सगळं आणलेलं आमच्या ह्यांना ऐकवायला. ती आपली गोदरेजच्या कपाटात, साड्यांखाली. वन्सं वर्षभर सांगत फिरताहेत, शिरूरवाल्यांनी आमची डिस्क दाबली."

"माझ्याही कानावर आलं होतं. मी म्हटलं, कशाला बोला."

"काल लावून बघितली. दिवाळीपर्यंतचं सगळं जागच्या जागी! फ्लॅकच्या फाइलीत मूळ आवाजाची एक खूण लिहिलेली असते. धाकट्यानं तिच्यावरून टेस्ट घेतली, एकही फाइल खराब निघाली नाही. यंदाच्या वारीतलं तेवढं गेलं."

"म्हणजे हजारोंचा डबा हरला आणि तुझं कपाट जिंकलं!"

"कपाट नाही हो, गाव. दौंडला वीज पडो, चोर येवो, नाहीतर भावजींचं बोट घसरो, शिरूरला त्याचा पत्ता लागत नाही. आता ठरलंय, दोन डिस्का आलटून पालटून. एक तिकडं भरायची, एक इकडं. येता-जाता चौफुला-न्हावऱ्यावरून कुणी ना कुणी असतंच. आणि नावं नीट द्यायची. आधी साल, मग गाव, मग काय गायलं ते. २०२३, वरवंड, हरिपाठ. साल आधी असलं की यादी आपोआप ओळीनं लागते."

"आणि तुझी नणंद?"

"काल फोन आला. म्हणाल्या, वहिनी, बरं झालं हो तुम्ही सांभाळून ठेवली."

"सांभाळून! वर्षभर दाबलेली होती ना?"

"तेच म्हटलं मी. म्हटलं, वन्सं, यापुढंही दाबूनच ठेवणार. सालाबादप्रमाणे बोंब मारत जा, म्हणजे भावजींना नवी पाठवायची आठवण राहील."